कृष्णाकाठी, ज्येष्ठांच्या पावलांनी

पावसाळा ऐन भरात आला, की सांगलीतील वडीलधारी माणसे एकमेकांना प्रकृती विचारण्याआधी एक वेगळाच प्रश्न विचारतात : ‘आयर्विनला किती फूट?’ आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे आकडे येथील सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या रक्तदाबाच्या आकड्यांहून अधिक पाठ असतात. दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर आडवे होता होताही ते मला ते ऐकवतात.

याच मंडळींना मी कधी कधी उलट विचारतो, ‘घाटावर शेवटचे केव्हा गेला होता?’ उत्तर यायला वेळ लागतो. कोणी म्हणते, ‘पाच-सहा वर्षे झाली असतील.’ कोणी म्हणते, ‘ही गेली, तेव्हापासून नाही.’ घरापासून नदी दहा मिनिटांवर असते. पण गुडघे कुरकुरतात, पायऱ्यांची धास्ती वाटते, सोबतीला कोणी नसते आणि मुले काळजीपोटी म्हणतात, ‘कशाला जाता? पडाबिडाल.’ त्यामुळे घडते असे, की पावसाळ्यात नदी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि उरलेले दहा महिने ती त्यांच्या वाट्यालाच येत नाही.

वाचकहो, वयाबरोबर माणसाचे जग आकसत जाते. आधी परगाव सुटते, मग बाजार, मग देऊळ, आणि शेवटी खिडकी आणि दूरदर्शनचा पडदा एवढेच उरते. हे आकसणे वयामुळे अटळ आहे असे आपण समजतो. ते पुष्कळसे टाळता येते, असे माझे व्यवसायातील निरीक्षण आहे. म्हणून या लेखात मी आपल्याला कृष्णेच्या काठाने, वाईपासून नृसिंहवाडीपर्यंत, एका प्रवासाला नेणार आहे. आपण ज्येष्ठ असाल तर स्वतःसाठी वाचा. घरातील ज्येष्ठांची देखभाल करीत असाल तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. वाटेत ते आपल्याला थांबवून दुरुस्त्या सुचवतील. त्या ऐकून घ्या.

वाई : पुराला पाठ दाखवणारे देऊळ

कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते. तेथील पंचगंगा मंदिरात गोमुखातून पाणी येते आणि कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथे मानतात. पुढे सुमारे १४०० किलोमीटरांचा प्रवास करून, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश ओलांडून ती हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरची थंडी आणि चढउतार दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांना सोसतातच असे नाही. त्यांनी आपल्या प्रवासाचा आरंभ वाईपासून करावा. तेथे नदी सपाटीवर आलेली असते आणि माणसांत मिसळलेली असते.

वाईच्या गणपती घाटावर गंगाधर... असे काही विचारत बसू नका. ‘ढोल्या गणपती’ म्हटले की कोणीही वाट दाखवते. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे मंदिर १७६२ साली बांधले. दर्शन झाल्यावर ज्येष्ठांना आधार देऊन मंदिराच्या मागच्या बाजूची भिंत अवश्य दाखवा. ती माशाच्या आकाराची, नावेच्या नाळेसारखी निमुळती बांधली आहे. पुराचे लोंढे तिच्यावर आदळून दुभंगतात आणि दोन्ही अंगांनी निघून जातात. नदीच्या अगदी कुशीत घर करायचे असेल तर तिच्याशी झुंजायचे नाही, तिला वाट द्यायची, एवढे शहाणपण अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी दगडात कोरून ठेवले आहे.

वाईत माघापासून पुढे एकेका घाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीला ‘बाई’ म्हणून तिचा माहेरवाशिणीसारखा सण करणारे हे गाव तितकेच विद्येचेही आहे. प्राज्ञपाठशाळा येथलीच, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले तेही येथेच. घरातील निवृत्त शिक्षक असलेल्या आजोबांना हे ठिकाण दाखवण्याचे औषधी मूल्य मी वेगळे सांगायला नको.

वाईपासून जवळच मेणवली आहे. नाना फडणविसांचा वाडा आणि त्याच्या मागचा अर्धचंद्राकृती घाट पाहताना पुष्कळांना तो आधी कोठेतरी पाहिल्यासारखे वाटते, कारण अनेक चित्रपटांचे चित्रीकरण तेथे झाले आहे. घाटावरच्या देवळाजवळ एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या मोहिमेतून आलेली ती चर्चची घंटा होय. मेणवलीच्या पायऱ्या उंच आहेत. ज्यांना उतरणे जमणार नाही त्यांनी वरच्या टप्प्यावर बसून नदी पाहावी. नदी बसलेल्या माणसालाही तेवढीच दिसते.

माहुली आणि कऱ्हाड : पुन्हा भेटणाऱ्या बहिणी

वाईहून साताऱ्याकडे निघाले, की साताऱ्याच्या पूर्वेस क्षेत्र माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. पेशवाईतील निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे हे गाव. संगमावरची देवळे जुनी, काळ्या दगडातील आहेत. येथे गर्दी बेताची असते, त्यामुळे थोडे टेकून, पाणी पिऊन पुढे निघण्यास ही जागा सोयीची आहे.

तेथून सुमारे ५० किलोमीटरांवर कऱ्हाड. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरावर उगम पावून निरनिराळ्या खोऱ्यांतून वाहिलेल्या कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन मिळतात. दोन नद्या बाजूने येऊन मिळाल्याचे आपण नेहमी पाहतो. समोरासमोर येऊन गळाभेट घेतल्यासारख्या मिळणाऱ्या नद्या विरळा. म्हणून या संगमाला प्रीतिसंगम म्हणतात. कोयनेचे पुष्कळसे पाणी धरणातून बोगद्यांत जाऊन, वीज निर्माण करून पश्चिमेकडे वाशिष्ठीला जाते. उरलेले पाणी घेऊन ती येथे बहिणीच्या भेटीला येते.

प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कृष्णाकाठ’ असेच नाव दिले. येथील बाग, बसण्याची बाके आणि मोकळी वाट यांमुळे संध्याकाळी गावातील ज्येष्ठांचे घोळके येथे दिसतात. आपण बाहेरगावचे असाल तर त्यांच्या शेजारच्या बाकावर बसा. पाच मिनिटांत ते आपल्याला विचारतील, ‘कोण गाव?’ अनोळखी माणसाशी झालेला असा दहा मिनिटांचा संवाद एकाकी वृद्धाला किती उभारी देतो, ते मी अनेकदा पाहिले आहे. घरात चार माणसे असूनही दिवसभर कोणाशी बोलणे न झालेले आजी-आजोबा दवाखान्यात कमी येत नाहीत.

जहाजे नसलेल्या नदीचा व्यापार

कऱ्हाडच्या पुढे नदीचे पात्र संथ होते आणि काठची माती काळी, खोल होत जाते. कृष्णेवर मोठी गलबते कधी चालली नाहीत. तिचा व्यापार पाण्यावर झाला नाही, काठावर झाला. कऱ्हाडजवळच्या खोडशीच्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यापासून निघालेला कालवा, पुढे काठावरच्या असंख्य मोटारी, आणि अलीकडच्या काळात ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना यांनी तिचे पाणी दुष्काळी तालुक्यांपर्यंत चढवले. त्यातून ऊस आला, साखर कारखाने आले, द्राक्षे आणि बेदाणा आला. भिलवडीसारख्या नदीकाठच्या गावात १९३९ साली चितळ्यांचा दुधाचा व्यवसाय उभा राहिला. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरभरून कृष्णेचे पाणी तहानलेल्या लातूरला पोहोचले. एका नदीने एवढ्या दूरच्या गावाची तहान रुळांवरून भागवल्याचे उदाहरण आपल्याकडे दुर्मिळच.

पण कृष्णाकाठचा खरा मानाचा माल म्हणजे हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीपासून अगदी जवळच्या हरिपुरात कृष्णा आणि वारणा यांचा संगम आहे, संगमेश्वराचे देऊळ आहे आणि तेथील जमिनीच्या पोटात हळदीची पेवे आहेत. तरुण वाचकांना ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार तेवढा माहीत असतो. प्रत्यक्षातले पेव म्हणजे तोंडाशी अरुंद आणि आत रांजणासारखे रुंद होत जाणारे खोल तळघर. त्यात हळद भरून तोंड बंद केले, की आतली हवा संपते, किडीला जगता येत नाही आणि माल वर्षानुवर्षे टिकतो. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. काही वेळ ते मोकळे ठेवायचे, मग कंदील खाली सोडायचा. तो विझला तर अजून थांबायचे. प्राणवायूच्या अभावाचे हे निदान करण्यासाठी त्या माणसांना कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागले नाही. २००५ च्या महापुरात यांतील पुष्कळ पेवांत पाणी शिरले, माल कुजला आणि अनेक पेवे कायमची निकामी झाली.

माझ्या परिचयातील एक गृहस्थ आयुष्यभर हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. वय ७८. पत्नी गेल्यानंतर त्यांनी घराबाहेर पडणे जवळजवळ सोडले. जेवण कमी झाले, झोप उडाली, सुनेला वाटे की विसरही पडू लागला आहे. औषधांबरोबर मी घरच्यांना एकच सांगितले : आठवड्यातून एकदा यांना हरिपूरला न्या. पहिल्या खेपेस ते रिक्षातून उतरलेही नाहीत. तिसऱ्या खेपेस त्यांनी नातवाला पेव कोठे होते ते काठीने जमिनीवर रेघ मारून दाखवले. मग हळकुंड हातात घेऊन ते मोडताना होणाऱ्या आवाजावरून माल कसा ओळखायचा, तेही सांगितले. त्यांची गुडघेदुखी गेली नाही. पत्नीची उणीवही भरून निघाली नाही. मात्र आठवड्यातील एका दिवसासाठी ते दाढी करून तयार बसू लागले, आणि त्यांच्या वयाला हे थोडे नव्हे.

याचे कारण गूढ नाही. स्मरणशक्ती उणावते तेव्हा कालपरवाचे आधी पुसले जाते आणि तरुणपणीचे बराच काळ टिकते. जुनी जागा, जुना वास, जुने शब्द भेटले की माणूस पुन्हा जाणता होतो, सांगणारा होतो. घरात दिवसभर ज्याला सर्व जण सांगत असतात, त्याला नदीकाठी दुसऱ्याला सांगायला मिळते.

हळदीचा विषय निघालाच आहे म्हणून एक सूचना. स्वयंपाकातील हळद निर्धोक आहे. परंतु हळदीच्या अर्काच्या गोळ्या रोज घेत असाल आणि रक्त पातळ करण्याचे औषधही चालू असेल, तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत.

खेळ, नाटक आणि निसटण्याची वाट

कृष्णेने या भागाला पैसा दिला, तसा खेळही दिला. आज साठी-सत्तरीत असलेल्या येथील बहुतेक पुरुषांना पोहायला कोणी शिकवले असे विचारा. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून वडिलांनी, नाहीतर थोरल्या भावाने पाण्यात ढकलले, हेच उत्तर मिळेल. बायका घाटावर धुणे धुवायला येत; त्यांचे सुखदुःख, लग्नांच्या सोयरिकी आणि घरगुती औषधांची देवाणघेवाण तेथेच होई. होड्यांच्या शर्यती आजही या काठच्या गावांत ईर्ष्येने होतात. वल्ही मारणारे तरुण असतात. पण काठावर उभे राहून ‘मार, मार’ म्हणून ओरडणाऱ्यांत पांढऱ्या मिशा अधिक असतात. त्यांच्या छातीचे ठोके तेव्हा किती पडत असतील याची मला चिंता वाटते. तरीही त्यांना घरी बसा असे सांगण्याची माझी इच्छा होत नाही. खुर्ची, टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर द्या म्हणजे झाले.

सांगलीचे पहिले अधिपती थोरले चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी कृष्णाकाठी गणपतीचे मंदिर उभारले, आणि त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. मराठी नाटकाचा तो प्रारंभ. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचेच. म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख मांडणारे ते नाटक रचले ते या शांत काठच्या माणसाने, हे संगमेश्वराच्या आवारातील पारावर बसून आठवले, की नदीकाठच्या निवांतपणाविषयीची आपली कल्पना थोडी बदलते.

इतिहासाचे एक तप्त पानही येथेच आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगातून निसटले. पाठलागात दादांना गोळी लागली आणि अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे दोन साथीदार हुतात्मा झाले. पुढे मुख्यमंत्री झालेल्या या नेत्याची समाधी कृष्णेच्या काठावरच आहे. तेथून १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल नजरेत भरतो. सांगलीत एकच सकाळ मिळाली तर गणपतीचे दर्शन, मग घाट आणि तेथून पुलाकडे पाहत थोडा वेळ बसणे, एवढे पुरे आहे.

नृसिंहवाडी : श्रद्धा आणि सावधगिरी

सांगलीहून वीस-बावीस किलोमीटरांवर नृसिंहवाडी. येथे पंचगंगा कृष्णेला मिळते. दत्तपादुकांचे मंदिर इतके पाण्यालगत आहे की पावसाळ्यात नदी गाभाऱ्यात येते. पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने पाणी बाहेर पडते, तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी दूरदूरची माणसे येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूस हलवतात. दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की कन्यागताचा महापर्वकाळ येतो. यापूर्वीचा २०१६ साली होता. येथील पुष्कळ आजी आपले वय वर्षांत सांगत नाहीत, किती कन्यागते पाहिली ते सांगतात.

ज्येष्ठांच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा मला अधिकार नाही. परंतु शरीरशास्त्र सांगणे हे माझे कर्तव्य आहे. हृदयविकार असलेल्या माणसाने पहाटेच्या थंड पाण्यात एकदम उतरले, की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब उसळतो आणि हृदयावर ताण येतो. पुराच्या वेगात तर तरुणाचेही पाय ठरत नाहीत. नदीत अनेक गावांचे सांडपाणी मिसळते; पंचगंगाकाठच्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती, ते विसरून चालणार नाही. म्हणून पाणी मस्तकी लावावे, पायरीवर बसून पाय धुवावेत, पण ते पिऊ नये. पायाला जखम असेल तर पायही पाण्यात बुडवू नयेत.

आणि वाडीची बासुंदी, पेढे व कवठाची बर्फी? मधुमेही वाचक हा परिच्छेद मनातल्या मनात वाचत असतील. प्रसादाचा एक लहानसा तुकडा खावा, त्या दिवशी भात कमी करावा आणि बाकीचा डबा सोबतच्यांच्या हाती द्यावा. जेवायला कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत, भाकरी आणि ताक यांपेक्षा चांगला बेत मला सुचत नाही.

नदी घरात येते तेव्हा

कृष्णाकाठाविषयी लिहून पुराविषयी न लिहिणे हे अर्धेच निदान ठरेल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. ब्रह्मनाळला सुटकेसाठी निघालेली बोट उलटली आणि माणसे दगावली. तेव्हा निवारा केंद्रांत रुग्ण तपासताना मला एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसले. माणूस सुखरूप आलेला असे, पण त्याचा चष्मा, कवळी, कानाचे यंत्र आणि गोळ्या घरातच राहिलेल्या असत. ‘कोणती गोळी घेता?’ म्हटले की उत्तर मिळे, ‘ती पांढरी, बारीक.’ पांढऱ्या, बारीक गोळ्या शेकडो प्रकारच्या असतात.

म्हणून काठच्या प्रत्येक घरात जूनमध्येच एक लहान पिशवी भरून दाराशी टांगावी. तिच्यात पंधरा दिवसांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात, जुना पण चालणारा चष्मा, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या, ओळखपत्राची प्रत आणि दोन नातेवाइकांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत. चिठ्ठीचे छायाचित्र परगावच्या मुलांच्या मोबाइलमध्येही असू द्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते मातीच्या ओल्या भांड्यात, पाणी लागणार नाही अशा बेताने गार ठेवण्याची तयारी करावी. पाणी ओसरल्यावर ज्येष्ठांनी चिखल काढायला उतरू नये. ज्यांना उतरावेच लागले त्यांनी लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक औषधाविषयी डॉक्टरांना विचारावे आणि ताप आला तर अंगावर काढू नये.

पुरानंतर कित्येक ज्येष्ठांना रात्री नुसत्या पावसाच्या आवाजाने जाग येते. ही भीती कमकुवतपणाची खूण नव्हे. शांत ऋतूत, कोणाचा तरी हात धरून पुन्हा नदीसमोर बसणे, हा ती ओसरण्याचा एक चांगला मार्ग आहे. ज्या पाण्याने घर भिजवले, तेच पाणी हिवाळ्यात खाली पायऱ्यांशी संथ पडलेले पाहिले, की मनातील पातळीही हळूहळू उतरते. झोप मात्र महिनोन्महिने परतली नाही, तर डॉक्टरांशी बोलावे.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऊन वर आल्यावर, साधारण आठनंतर घाटावर जावे. वाई ते नृसिंहवाडी हा प्रवास एका दिवसात उरकू नये. वाई, कऱ्हाड आणि सांगली असे मुक्काम करीत तीन दिवस द्यावेत. दर दीड तासाने गाडी थांबवून चार पावले चालावे. लघवी वाढवणारी गोळी घेत असाल तर ती मनाने बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. वय वाढले की तहान कमी लागते, म्हणून न लागताही घोटघोट पाणी प्यावे. मात्र ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी तेवढेच प्यावे. मधुमेहींनी खिशात खडीसाखर ठेवावी आणि देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी न जाता मोजे घालावेत. बधिर पायाला चटका बसलेला कळत नाही.

पायऱ्यांविषयी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. दुहेरी भिंगांच्या चष्म्यातून खालची पायरी अंधूक दिसते, म्हणून मान वाकवून वरच्या भिंगातून पाहावे. आणि शेवाळलेली पायरी कितीही ओळखीची असली तरी तिच्यावर पाय ठेवू नये. सोबत करणाऱ्याने उतरताना एक पायरी खाली आणि चढताना एक पायरी मागे राहावे.

सोबत करणाऱ्यांना आणखी एक विनंती. मोबाइल खिशात ठेवा. ज्येष्ठांना ‘चला, उशीर होतोय’ असे घाटावर तरी म्हणू नका. त्यांना विचारा : कोणत्या घाटावर पोहायला शिकलात? धुणे घेऊन कोणाबरोबर यायचा? पलीकडे नावेने जायला किती पैसे पडत? उत्तरे त्यांच्याजवळ आहेत. ती लिहून ठेवलेली कोठे सापडणार नाहीत. येत्या हिवाळ्यातील एक रविवार आताच ठरवा आणि घरातील दिनदर्शिकेवर त्या तारखेभोवती गोल करून ठेवा. आपल्या गावाजवळ कृष्णा नसेल तर जी नदी असेल तिच्या काठी जा. चालणे त्यांच्या गतीने असू द्या, आणि बसणे त्यांचे मन भरेपर्यंत.